मे महिन्यात चालेल असा कॉम्प्युटर

मला गेम खेळायला कॉम्प्युटर घ्यायचा आहे, असं मी घरी सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "कुणाला?"

"मला."

"तुझ्याकडं लॅपटॉप हाय की."

"त्याच्यावर गेम चालत नाहीत."

आईने पप्पांकडे बघितलं. पप्पा नांदेडच्या एका शाळेत गणित शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कुठलीही गोष्ट नको असेल तर ते सरळ नाही म्हणत नसत. प्रश्न विचारत. उत्तर देता आलं नाही की समोरचा आपोआप गप्प बसे. शाळेतली मुलं याच कारणाने त्यांना टरकून असायची.

"कुठला घेणार?" त्यांनी विचारलं.

"तयार नाही घेणार. एकेक भाग निवडून जोडणार. आणि छोटा."

"छोटा का?"

इथून आमची गाडी सुरू झाली ती पुढे हिवाळाभर चालली.

मी लातूरला एका खासगी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. औसा रोडच्या आतल्या बाजूला एक खोली भाड्याने घेतली आहे. पलंग, टेबल आणि कपाट ठेवलं की चालायला जेमतेम जागा उरते. शनिवारी दुपारचा तास संपला की मी एसटी पकडून नांदेडला घरी जाते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येते. मोठ्या कपाटासारखा कॉम्प्युटर त्या खोलीत मावला नसता, आणि बसमध्ये तर नाहीच नाही. मला मांडीवर घेऊन बसता येईल एवढा डबा हवा होता, म्हणजे तो दोन्ही गावी माझ्यासोबत राहिला असता.

गेमचं वेड मात्र जुनं. लहानपणी आमच्या गल्लीत एकाच घरी कॉम्प्युटर होता. त्या घरची मुलं खेळायची आणि आम्ही मुली त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहून बघायचो. गाडी कुठे वळवायची, कुठे उडी मारायची, हे मला त्यांच्या आधी कळायचं. मी ओरडून सांगायचे आणि ते माझं ऐकून जिंकायचे. माझी पाळी कधी आली नाही. पुढे शिक्षण, परीक्षा, नोकरी यांत ते मागे पडलं, पण मिटलं नाही. दिवसभर सत्तर-ऐंशी पोरांसमोर घसा कोरडा करून खोलीवर आलं की वाटायचं, आता कुणीही मला काही विचारू नये, मी एखाद्या न पाहिलेल्या डोंगरावर चढत जावं.

हे सगळं मी पप्पांना सांगितलं नाही. त्यांना मी फक्त एवढंच म्हणाले, "मला आवडतं."

"आवडतं हे ठीक," ते म्हणाले. "पण जेवढे पैसे ठरवलेस तेवढ्यातच बसव. मधेच आकडा वाढवायचा नाही."

म्हणजे परवानगी मिळाली होती. खरं तर परवानगीची गरज नव्हती, पैसे माझे होते. पण पप्पांसमोर न टिकलेला विचार घेऊन बाजारात जायला मला कसंतरीच वाटलं असतं.

क्लासमध्ये आमच्यासोबत रसायनशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांच्या घरी मोठा, रंगीत दिव्यांचा गेमिंग कॉम्प्युटर होता आणि स्टाफरूममध्ये या विषयातला शेवटचा शब्द त्यांचा असे. मी विचारल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मॅडम, छोट्याच्या नादाला लागूच नका. छोटं महाग पडतं, आणि गरम होतं. आणि घ्यायचंच तर सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला. बाकीचं कसंही चालतं."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे गेममधलं चित्र रंगवणारा भाग. कॉम्प्युटरमधला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात तापणारा. सरांनी सुचवलेलं कार्ड मी व्हिडिओंमध्ये पाहिलं आणि हरखून गेले. लोकांनी ते माझ्या मनातल्याएवढ्याच छोट्या डब्यात बसवून दाखवलं होतं. तापमानाचे आकडेही दिले होते. सगळं ठीकठाक होतं. माझ्या बजेटच्या अगदी काठावर येत होतं, पण येत होतं.

त्या शनिवारी मी घरी गेले ती निकाल लागल्यासारखी. चहा पिताना पप्पांना सगळं सांगितलं. कोणतं कार्ड, किती वीज खातं, डब्यात किती तापतं, कितीला बंद पडतं.

पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे जे आकडे सांगून राहिलीस, ते कुठल्या गावचे?"

"म्हणजे?"

"म्हणजे ज्या माणसाने मोजले, त्याच्या खोलीत गरमी किती होती?"

मी मोबाइल काढून तो व्हिडिओ पुन्हा लावला. तो माणूस स्वेटर घालून बसला होता. मागच्या खिडकीत बर्फ दिसत होता. मी तो व्हिडिओ कितीतरी वेळा पाहिला होता, पण त्याचा स्वेटर मला त्या दिवशी दिसला.

पप्पा हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "तुझी खोली वरच्या मजल्यावर आहे ना? पत्र्याची?"

"स्लॅबची आहे."

"एकच गोष्ट झाली. मे महिन्याचा हिशेब करून बघ."

मला एवढं शरमल्यासारखं झालं की विचारू नका. उष्णता कशी वाहते हे मी रोज फळ्यावर शिकवते. वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त तापते, यावर सगळं असतं, आणि भोवतालची हवाच चाळिशीच्या वर गेली तर ती थंड काय करणार! हे मला माहीत होतं. पण ते माहीत असणं फळ्यापुरतंच राहिलं होतं. त्या रविवारी मी सगळं पुन्हा मांडलं. सरांचं कार्ड माझ्या खोलीत, मे महिन्यात, दुपारी, शक्यच नव्हतं. त्याच्या एक पायरी खालचं कार्ड निम्म्याच्या आसपास वीज खात होतं. चित्र थोडं कमी झकपक, पण माझ्या साध्या मॉनिटरवर तो फरक दिसलाही नसता. आणि पैसे उरत होते.

उरलेले पैसे कुठे घालायचे, हे त्यानंतरच्या शनिवारांत ठरलं. पहिला मान एसएमपीएसला, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना मानवेल अशी करून देणाऱ्या भागाला. आमच्याकडे पंखा मधेच मंद होतो, मधेच पळत सुटतो. त्यात स्वस्तातला एसएमपीएस लावणं मला पटेना. नंतर प्रोसेसर. सर म्हणाले होते की ज्या प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्र दाखवायची सोय नसते तो घ्या, थोडा स्वस्त पडतो. कार्ड असताना ती सोय लागतेच कशाला? पप्पांना मी हे सांगितलं आणि त्यांनी काही विचारण्याआधी मीच उत्तर दिलं, "कार्डाला काही झालं तर आंधळ्यासारखं बसावं लागेल. म्हणून सोय असलेला घेणार." पप्पांनी मान डोलावून बिस्कीट चहात बुडवलं. त्यांना रॅम आणि प्रोसेसर यांतला फरक अजून सांगता आला नसता, पण माझं उत्तर कधी पक्कं असतं आणि कधी मी नुसतीच रेटून बोलते, हे त्यांना बरोबर कळायचं.

छोटा डबा, त्यात बसणारा छोटा मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे भाग ज्यावर लागतात ती पाटी, एसएमपीएस आणि प्रोसेसर थंड ठेवणारा बुटका कूलर या वस्तू आमच्या बाजूला मिळेनात, म्हणून त्या पार्सलने मागवल्या. बाकीचं नांदेडात वजिराबादच्या एका दुकानातून घ्यायचं ठरवलं. पार्सल आल्यावर एका रविवारी सकाळी मी मापासाठी बोर्ड आणि कूलर पिशवीत घातले. पप्पा म्हणाले, "मी पण येतो."

दुकानदार तरुण होता, बोलायला गोड. त्याने आम्हाला बघितलं आणि पप्पांना खुर्ची दिली.

"बोला काका. मुलासाठी बघून राहिले का?"

"यांना विचारा," पप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले आणि बसले.

मी प्रोसेसरचं नाव सांगितलं. त्याने स्वस्तातला दाखवला. मी नाही म्हटलं. त्याने खांदे उडवून मला हवा होता तो काढला. कार्डाचं नाव सांगितलं तर म्हणाला, "ताई, याच्यात मजा नाही. थोडे अजून टाका, वरचं घेऊन जा. सगळे तेच घेतात."

"त्याने डबा तापेल."

"काही नाही तापत ताई, गॅरंटी माझी."

"मे महिन्याची पण?" मी विचारलं.

तो हसला आणि मी सांगितलेलंच कार्ड काढायला वळला. पप्पा रस्त्याकडे बघत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावरून ते ऐकून राहिलेत हे मला दिसत होतं.

खरा वाद रॅमवरून झाला. मी साधी, बुटकी रॅम मागितली होती. ती त्याच्याकडे संपली होती. त्याने दिव्यांची, वर तुर्‍यासारखी पट्टी असलेली रॅम काढली. "हीच घ्या, त्याच भावात देतो. लाइट लागतात."

"ही उंच आहे. कूलरला लागेल."

"नाही लागत ताई. आम्ही रोज बसवतो."

"मोठ्या डब्यात बसवत असाल. माझा कूलर बोर्डाच्या वर पसरलेला आहे, ही त्याच्याखाली जाणार नाही."

दुकानात अजून दोन-तीन गिऱ्हाइकं होती. सगळे आमच्याकडे बघायला लागले. दुकानदार म्हणाला, "चला, बसवूनच बघू." मी पिशवीतून बोर्ड काढला. नवा प्रोसेसर मी माझ्या हाताने त्यात बसवला. त्याने रॅम लावली. मी वरून कूलर ठेवला. कूलर एका बाजूने तसाच अधांतरी राहिला, डगडगणाऱ्या पाटासारखा.

दुकानदाराने तो दाबून बघितला. फिरवून बघितला. मग एकदम खुलून म्हणाला, "बरोबर आहे ताई तुमचं." आणि गाडीला किक मारून दुसऱ्या दुकानातून साधी रॅम घेऊन आला. त्याचा मला राग आला नाही. उलट परत आल्यावर तो स्वतःच मला विचारत होता की हा डबा कुठून मागवला, त्याला पण एक मागवून बघायचाय.

पैसे देताना तो पप्पांकडे वळून म्हणाला, "काका, ताई इंजिनिअर आहेत का?"

"नाही," पप्पा म्हणाले. "शिक्षिका आहे." हे असं ताठ सांगितलेलं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माझं इंजिनिअरिंग हुकलं तेव्हा ते काही बोलले नव्हते, पण त्या वेळची त्यांची शांतता मी बरीच वर्षं सोबत घेऊन फिरत होते.

घरी आल्यावर हॉलमध्ये चटईवर जुनी चादर अंथरून मी जोडायला बसले. छोट्या डब्यात काम करणं म्हणजे सुटकेस भरण्यासारखं असतं. आधी काय ठेवलं यावर नंतरचं मावणं ठरतं. दोनदा सगळं उलटं काढावं लागलं, कारण एक वायर आधीच मागून घ्यायला हवी होती. आईने जेवायला हाक मारली, मी गेले नाही. शेवटी तिनेच ताट आणून बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "लई बारीक काम हाय गं हे. डोळे फोडशील."

दुपार कलली तेव्हा शेवटचा स्क्रू बसला. डबा टीव्हीला जोडला. पप्पा सोफ्यावर येऊन बसले, आई पदराला हात पुसत दारात उभी राहिली. मी बटण दाबलं.

पंखे फिरले. दिवा लागला. टीव्ही काळाच राहिला.

पुन्हा बंद करून चालू केला. काळाच. वायर बदलली. काळाच. इतके महिने, इतकी उत्तरं, आणि आई-पप्पांच्या समोर नुसता घों घों करणारा डबा.

"जळलं का?" आईने हळूच विचारलं.

"माहीत नाही."

पप्पा म्हणाले, "पंखा फिरतोय म्हणजे वीज येऊन राहिली. काय काय असू शकतं ते एकेक बाजूला काढ."

मी कार्ड काढून चटईवर ठेवलं आणि टीव्हीची वायर सरळ मदरबोर्डाला लावली, प्रोसेसरच्या स्वतःच्या सोयीवर. बटण दाबलं. टीव्हीवर अक्षरं आली. आई "आलं, आलं!" करून ओरडली, जणू नळालाच पाणी आलं.

म्हणजे बाकी सगळं धडधाकट होतं, गडबड कार्डाच्या बाजूला होती. त्या डब्यात कार्ड बोर्डाला थेट लागत नाही. दोघांच्या मध्ये एक चपटी केबल असते. शोधल्यावर कळलं की बोर्ड ज्या वेगाने बोलू पाहत होता तो त्या केबलला झेपत नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन मी तो वेग एक पायरी उतरवला, कार्ड पुन्हा बसवलं, वायर कार्डाला लावली. या वेळी टीव्ही लगेच उजळला. स्वस्तातला प्रोसेसर घेतला असता तर मी त्या सेटिंगपर्यंत पोचूच शकले नसते, डबा उचलून कुणाच्या तरी दारात गेले असते.

मी मागे वळून बघितलं. पप्पा उठून उभे राहिले होते. "पास," ते म्हणाले.

सोमवारी पहाटे मी डबा पाठपिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन लातूरच्या गाडीत बसले. लोह्याच्या पुढे रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला मी पिशवी दोन्ही हातांनी वर उचलून धरायचे. कंडक्टरने बराच वेळ बघितलं आणि शेवटी विचारलं, "लेकरू हाय का आत?"

"कॉम्प्युटर आहे."

"एवढुसा?"

"हाव, एवढुसाच." आणि मग त्याने न विचारताच मी सांगून टाकलं, "मी जोडलाय."

अहमदपूर येईपर्यंत पुढच्या दोन सीटवरच्या लोकांना तो उघडून दाखवावा लागला.

सगळंच माझं बरोबर आलं असं मात्र नाही. डब्याची एक बाजू मी मुद्दाम काचेची घेतली होती. आतलं कार्ड दिसावं, शोभा यावी, एवढाच त्यात विचार. यावर पप्पांनी प्रश्न विचारला नव्हता, कारण मी तो विषय त्यांच्यापुढे काढलाच नाही. एप्रिल लागला तसा डबा कण्हायला लागला. एका रविवारी मी नांदेडला न जाता लातूरलाच राहिले होते. आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मागे पंख्याचा आवाज.

"ते काय बोंबलून राहिलं गं?"

"कॉम्प्युटर. लई तापतोय."

"दाखव." मी मोबाइल फिरवला. तिने बघितलं आणि म्हणाली, "काचेत कोंडलंस की त्याला. काढ ती काच."

मी काच काढली. थोड्याच वेळात पंखा शांत झाला. माझ्या सगळ्या अभ्यासात हे एक वाक्य नव्हतं. पुढे धुळीसाठी गंजगोलाईच्या बाजारातल्या खिडक्यांच्या जाळीच्या दुकानातून बारीक जाळी कापून आणली आणि काचेच्या जागी बसवली. ती अजून तिथेच आहे, आणि काच कपाटावर धूळ खात पडली आहे.

मग मे आला. त्या वर्षीचा मे लातूरकरांना वेगळा सांगायला नको. दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे सर सांगत होते की त्यांचा कॉम्प्युटर दुपारी खेळता खेळता आपोआप बंद पडतो, आता एसी बसवल्याशिवाय भागायचं नाही. त्यांनीच विचारलं, "तुमचा मॅडम?"

"चालतो."

"दुपारी?"

"दुपारीच खेळते. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तास, दुसरा वेळ कुठे असतो?"

ते एका दुपारी तो बघायला आले, बायकोला घेऊन. जाळीला हात लावून बघितला. गेममधल्या बर्फाळ डोंगरावर मी त्यांना फिरवून आणलं. जाताना म्हणाले, "माझ्या मुलीला घ्यायचा झाला तर तुम्हीच निवडून द्या." आणि पुढे दिवाळीत मी तो खरंच निवडून दिला.

त्याच्या आधी एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. पावसाळ्यात मला बघायला पाहुणे आले होते, निलंग्याकडचे. मुलगा, त्याचे आई-वडील आणि काका. नांदेडच्या हॉलमध्ये पोहे, चहा, सगळं रीतसर. मी त्या शनिवारी डबा घरी आणला होता आणि तो टीव्हीखाली तसाच होता. आईने त्याच्यावर टाकायला रुमाल काढला होता, पण गडबडीत राहून गेलं.

मुलाच्या आईची नजर तिकडे गेली. "हे काय, स्पीकर का?"

"कॉम्प्युटर आहे," पप्पा म्हणाले.

"अस्सं. तुमच्या मुलाचा?"

"मला मुलगा नाही," पप्पा म्हणाले. "हिचा आहे. गेम खेळते. एकेक भाग निवडून स्वतः जोडलाय हिने. दाखव गं यांना."

आईने स्वयंपाकघराच्या दारातून डोळे मोठे केले. मुलाच्या काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मी साडी सावरत उठले, डबा उचलून टीपॉयवर आणला, जाळी काढली आणि सांगायला सुरुवात केली. हा प्रोसेसर, हे कार्ड, हे असं पाठीला पाठ लावून बसतं, ही मधली केबल. पप्पा पुढे झुकून ऐकत होते, जणू त्यांनाही हे सगळं नवं होतं. मधेच त्यांनी पाहुण्यांना सांगितलं, "बघा, याच्यापेक्षा मोठं कार्ड हिने मुद्दाम घेतलं नाही. का ते विचारा हिला."

कुणीच विचारलं नाही. तरी मी सांगितलं.

ते स्थळ पुढे गेलं नाही. त्यांना नोकरी न करणारी मुलगी हवी होती, असं नंतर मध्यस्थाकडून कळलं. आई दोन दिवस पप्पांवर चिडली होती. "काय गरज होती पाहुण्यांसमोर ते उघडून बसायची?" ती विचारत राहिली. पुढच्या रविवारी दुपारी पप्पा माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "तो बर्फाचा डोंगर लाव. मागच्या वेळी अर्धाच राहिला होता."